मुलाने मला जर्मन सिनेमा का दाखवला?

ताई, आम्ही चोपडा तालुक्यातले, केळी-कापूसवाले. मुलगा एकोणीस वर्षांचा, जळगावला शिकतो. वर्षभरापासून त्याचं बिनसलंय. रात्री गॅसचं बटण सात-सात वेळा बघतो, मोजणं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजातून फोन करून एकच विचारतो, "माय वं, तुले काही व्हई ते नही ना?" मी म्हणते, "काही व्हत नही रे भो." अर्ध्या तासाने पुन्हा फोन. दिवाळीत घरी आला तेव्हा मला बळंच लॅपटॉपसमोर बसवून एक जर्मन सिनेमा दाखवला. खालची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून तो थांबवून थांबवून अहिराणीत सांगत होता. तिघं आजारी पोरं डॉक्टरणीची गाडी घेऊन दवाखान्यातून पळतात. एकाची आई वारलेली, तिची राख डब्यात घेऊन तो समुद्राकडे निघालेला. ती राख बघून माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्यात पाहुणे आले, पुढचं राहिलं. तेव्हापासून तोही गप्प, मीही गप्प. त्याचे वडील म्हणतात मोबाइलचं खूळ आहे. जाऊबाई म्हणतात बाहेरचं आहे, भगताला दाखवा. मुलीचं लग्न जमवायचंय, बाहेर कळलं तर? त्याने मला हा सिनेमा का दाखवला? पळून जायचं तर त्याच्या मनात नाही ना?
– एक माय

मायबाई,

तुमचं पत्र वाचताना मी एका ओळीवर थांबले. तो थांबवून थांबवून अहिराणीत सांगत होता. दीड तासाचा सिनेमा असा सांगायला किती वेळ लागला असेल! ज्या पोराला स्वतःबद्दल एक वाक्य बोलता येत नाही, त्याने तीन परक्या पोरांची गोष्ट तुमच्या बोलीत आणून तुमच्यापुढे ठेवली. पळून जाणाऱ्याला एवढी मेहनत घ्यावी लागत नाही हो. मला तरी यात निरोप दिसतो.

तुमच्या वर्णनावरून सिनेमा ओळखू आला. 2010 साली आलेला 'व्हिन्सेंट विल मेअर'. मेअर म्हणजे समुद्र. आणि जर्मन भाषेत 'अजून' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही हुबेहूब तसाच. व्हिन्सेंटला समुद्र हवाय आणि आयुष्याकडून अजून काही हवंय, असं दोन्ही त्या नावात ऐकू येतं. त्याला टुरेट नावाचा आजार आहे, त्यात अंगाला झटके येतात, तोंडून नको ते आवाज निघतात. सिनेमात तो शिव्याही देतो. प्रत्यक्षात हा आजार असलेल्या बहुतेकांना तसं होत नाही. मारीला अन्न न खाण्याचा आजार आहे. आणि तिसरा, अलेक्झांडर. तो मुळात पळायला तयारच नव्हता, बाकीच्या दोघांनी त्याला ओढून नेलं. जंतूंची धास्ती, सतत पुसापुशी. तुमच्या मुलाला हा तिसरा दाखवायचा होता, असं मला वाटतं.

कारण अलेक्झांडरचा आणि तुमच्या मुलाचा आजार बहुधा एकच. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. मंत्रचळ म्हटलं की लोकांना हात धुणारी माणसंच आठवतात, म्हणून 'हा तर हात धूत नाही' असं घरात म्हटलं जातं आणि वर्षं जातात. पण हा आजार अनेक रूपांनी येतो. पुन्हा पुन्हा तपासणं हे एक रूप, मोजणं हे दुसरं, आणि आपल्या माणसाला काहीतरी होईल ही भीती तिसरं. तुम्ही लिहिलेल्यात ही तिन्ही आहेत. नक्की निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील, पण मला जे दिसतंय ते तुमच्यापासून लपवणार नाही.

आता त्या राखेबद्दल. तुम्हाला वाटलं, हा माझ्या मरणाचा विचार करतो. खरंय, करतो. पण नको असताना करतो. मंत्रचळात जे माणूस सगळ्यात प्रिय, त्याच्याबद्दलचेच भयंकर विचार मनात घुसतात. मग ते टाळायला गॅस सात वेळा बघायचा, मोजायचं, फोन करायचा. सहा वेळाच बघितलं आणि आईला काही झालं तर? तो हे ओझं घेऊन रोज जळगावात वर्गात बसतो, मायबाई. आईची राख घेऊन चाललेला पोरगा त्याने तुमच्या शेजारी बसून पाहिला, हे त्याच्यासाठी किती अवघड असेल याचा विचार करा.

आणि एक गोष्ट तुमच्याकडून नकळत होतेय. दोष तुमचा मुळीच नाही, कुठलीही आई हेच करेल. "काही व्हत नही रे भो" म्हटलं की त्याला थोडा वेळ बरं वाटतं. त्या बरं वाटण्यावरच आजार पोसला जातो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा फोन. हे उत्तर हळूहळू कमी करायचंय. एकदम तोडू नका, आणि त्याला न सांगता तर नकोच. आधी बसून ठरवा. मग फोन आला की म्हणा, "हे तू नाही, तुझा आजार विचारतोय. मी याचं उत्तर देणार नाही, पण फोनवर आहे. आज जेवायला काय होतं ते सांग."

याचा उपचार आहे आणि तो चांगला आहे. एक भाग बोलण्याचा आणि सरावाचा. प्रशिक्षित समुपदेशक त्याला पायरीपायरीने शिकवतील की गॅस एकदाच बघायचा आणि तिथून निघायचं. जीव घाबरा होईल. तो होऊ द्यायचा. काही न करताही ती घबराट आपोआप खाली येते, हे शरीराला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा. दुसरा भाग गोळ्यांचा. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा पुरता गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून बंद करू नका.

तापीचा पूल ओलांडला की जळगाव. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात जा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. मुलीच्या लग्नाची चिंता मी हलकी मानत नाही. पण उपचार घेणारा भाऊ लपवावा लागतो अशा घरात तिला द्यायचं का, हेही एकदा तिलाच विचारा.

भगताकडे नेऊ नका. उतारा केला की 'माझ्यात काहीतरी वाईट आहे' ही त्याची भीती पक्की होईल. वडिलांना माझं हे पत्र वाचायला द्या.

पळून जाण्याचं, जीव नकोसा होण्याचं त्याच्या मनात येतं का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तसं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री 14416 वर फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

सिनेमाचा शेवट मी सांगणार नाही. मला तो सिनेमा आवडतो, तरी त्यात दवाखाना जरा जास्तच तुरुंगासारखा दिसतो, आणि पळणं जरा जास्तच मोकळं. पण समुद्र दिसला म्हणून तिथे कुणाचा आजार जादूने जात नाही, एवढं प्रामाणिकपण त्यात आहे.

पुढच्या सुट्टीत तो आला की तुम्हीच म्हणा, राहिलेला सिनेमा लाव. पाहुणे येणार नाहीत असा दिवस बघा. त्याला अहिराणीत सांगू द्या, घाई करू नका. अलेक्झांडर पुसायला लागला की हात पुढे करून लॅपटॉप थांबवा आणि विचारा, "तुले बी असंच व्हस का रे?" मग तो बोलेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.

तुमची ताई