आजीचे तोडे मोडावेत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी नात लंडनला शिकते. २०२५ मध्ये तिने तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये कार्टिए या फ्रेंच सराफी घराण्याच्या दागिन्यांचं प्रदर्शन पाहिलं आणि मला ढीगभर फोटो पाठवले. २०२४ साली आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली ती याच म्युझियममधून. एका सराफाच्या दुकानाचं एवढं कौतुक म्युझियमने का करावं, हे मला कळलं नाही. दुसरी गोष्ट घरची. नातीचं लग्न ठरलंय. माझ्या सासूबाईंचे तोडे आणि बोरमाळ मोडून तिला नवा सेट करावा, असं घरात चाललंय. ते प्रदर्शन पाहिल्यापासून ती मात्र म्हणते, “आजी, मोडू नकोस.” काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न मला एकाच ठिकाणी घेऊन गेले, माझ्या वडिलांच्या भट्टीपाशी.

मी विट्याची. आमच्याकडे गलाईचा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव भागात पाऊस नाही, म्हणून माणसं गावं सोडून गेली आणि देशभर सोनं गाळायला बसली. वडील त्रिशूरला होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जायचो. जुना दागिना आला की वडील आधी एकेक खडा काढून कागदाच्या पुडीत बांधायचे आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मग दागिना मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, वर चिमूटभर सवागी, म्हणजे टाकणखार, आणि मूस भट्टीत. थोड्या वेळाने ओतलं की लगड. मघाशी ज्याला पाकळ्या होत्या, कड्या होत्या, कुणाच्या तरी गळ्याचा बाक होता, त्याची एवढीशी वडी व्हायची. वडिलांनी कुणाचं गुंजभर सोनं इकडचं तिकडे केलं नाही. पण किती कारागिरांचं काम त्या भट्टीतून वाहून गेलं, हे मला फार उशिरा कळलं.

आता कार्टिए. पॅरिसमध्ये लुई-फ्रांस्वा कार्टिए यांनी १८४७ साली हे दुकान सुरू केलं. आपल्या सांगलीत गणेश नारायण गाडगीळांची पेढी त्याआधी पंधरा वर्षं, १८३२ ची. तेव्हा इथं चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचं राज्य होतं. म्हणजे जुनेपणाचं म्हणाल तर आपणही मागे नाही. पण कार्टिएने दागिन्यांची चित्रं जपली, प्लास्टरचे साचे जपले, विक्रीच्या वह्या जपल्या. पुढे तर आपलेच जुने दागिने परत विकत घेऊन १९८३ मध्ये त्यांचा वेगळा संग्रह उभा केला. म्हणून त्या प्रदर्शनात साडेतीनशेहून जास्त वस्तू मांडता आल्या. म्युझियमने कौतुक केलं ते घडणीचं, आणि ते योग्यच केलं असं मी मानते.

एक गोष्ट मात्र मला सलते. त्याच म्युझियमच्या मालकीची एक कपाळपट्टी आहे, लंडनच्या कार्टिएने १९२८ मध्ये केलेली, लेडी एडविना माउंटबॅटन यांनी घेतलेली. सोडवली की तिच्या दोन बांगड्या होतात. तिच्यात पानाफुलांसारखे कोरलेले माणिक, पाचू आणि नीलम आहेत. संस्थापकाचा नातू जाक कार्टिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळी इकडे आला होता. तेव्हापासून असले कोरीव खडे घेण्यासाठी त्या घराण्याचा भारताशी व्यवहार वाढला. कपाळपट्टीला माउंटबॅटन यांचं नाव लागलं, कार्टिएचंही लागलं. पाचूवर पानाच्या शिरा काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

पतियाळाच्या महाराजांचा हारही १९२८ चाच. महाराज भूपिंदरसिंग यांनी आपले हिरे पॅरिसला पाठवून तो घडवून घेतला. आपण घरचं सोनं सोनाराकडे देतो, तसंच. २,९३० हिरे होते त्यात. १९४८ च्या सुमारास हार नाहीसा झाला आणि १९९८ मध्ये लंडनमध्ये सापडला तो मोठे हिरे काढून घेतलेला, नुसता सांगाडा. कार्टिएने दुसरे खडे बसवून तो पुन्हा उभा केला. सांगाडा उरला होता म्हणून जमलं. मुशीत गेलेल्याला सांगाडा नसतो.

आमच्या आजीची वज्रटीक १९७२ च्या दुष्काळात गेली. घरात दाणा नव्हता, ती मोडली म्हणून आम्ही जगलो. त्याचं दुःख मी करत नाही. आपल्याकडे दागिना अडीनडीलाच असतो. दुःख याचं, की तिचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात अर्धी टीक पदराखाली आहे.

तुमच्यावर तशी अडचण आलेली दिसत नाही. मग मोडू नका. बोरमाळेचे मणी आतून पोकळ, बहुधा लाख भरलेले असतात. वजन करून जेवढं वाटतं तेवढं सोनं गाळल्यावर हाती येत नाही, आणि घडणावळ तर पूर्णच बुडते. माळ नुसती नव्याने गाठवून घ्या. चांगला पटवेकरी मिळाला तर मुलीला ती लग्नातसुद्धा शोभेल. घरच्यांना नवा सेट हवाच असेल तर तो अलीकडच्या, साध्या साखळ्या-बांगड्या देऊन करा.

आणि हे आठवडाभरात करा : दोन्ही दागिन्यांचे पुढून-मागून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन लिहा. सासूबाईंना ते कुणी केले, कुठल्या गावच्या सोनाराकडे, कुठल्या साली, जेवढं आठवतं तेवढं लिहा. सोनाराचं नाव आठवलं तर ते सगळ्यात आधी लिहा. तोड्याचं मळसूत्र हळूच फिरवून सोडवा आणि आतली बाजू सकाळच्या उन्हात धरून बघा. पूर्वीचे काही सोनार तिथं आपली बारीकशी खूण उठवायचे. दिसली तर कागदावर जशीच्या तशी काढून मला पाठवा.