आता कोणत्या तोंडाने जाऊ?

जुन्या मैत्रिणीकडे जावंसं वाटतं पण पाय उचलत नाही, ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बायकांत फार आढळते. (पुरुषांतही असते, ते ती गुडघेदुखीच्या नावाखाली सांगतात.) त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदललेली.

बाई कराडच्या, निवृत्त शिक्षिका. डी.एड.ला असताना वसतिगृहात एका खोलीत राहिलेली मैत्रीण चिपळूणला. मध्ये काय तो कुंभार्ली घाट. 2023 पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, तेव्हा पैशांचंही निमित्त नाही. तरी दर सुट्टीत बेत ठरायचा आणि मोडायचा.

खरं कारण हळूहळू बाहेर आलं. जुलै 2021मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, मैत्रिणीच्या घराचा खालचा मजला चिखलाने भरला. बाईंनी टीव्हीवर सगळं पाहिलं, पण फोन केला नाही. आधी लाइन लागत नसेल म्हणून, नंतर ती आवराआवरीत असेल म्हणून, आणि मग उशीर झाला म्हणून. "आता कोणत्या तोंडाने जाऊ? आणि गेलेच तर दोन दिवस बोलू काय?"

अशा वेळी समोरची व्यक्ती आपला हिशेब मांडून बसली असेल, असं आपण धरून चालतो. लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024मध्ये हेच तपासलं. जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, नंबर आहे, मेसेज लिहायला वेळही दिलाय, तरी तो पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. अनोळखी माणसाशी बोलायला जितका संकोच, तितकाच इथेही. पण त्याआधी काही मिनिटं रोजच्या माणसांना मेसेज करायला लावले, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी जुन्या मित्रालाही पाठवला. मी बाईंना तेच करायला सांगितलं: आधी भाचीला, शेजारणीला दोन ओळी, आणि हात चालू आहे तोवर चिपळूणला.

मेसेजचा मसुदा त्यांनी आणला तो पानभर माफीनामा. तो खोडून एवढंच ठेवलं: "पुराच्या वेळी फोन केला नाही, चुकलंच. शनिवारी येऊ का? रविवारी दुपारच्या गाडीने निघेन." परतीची गाडी सांगणं महत्त्वाचं. पाहुणा कधी जाणार हे कळलं की यजमानीण मोकळी होते. पाहुणीसुद्धा.

उत्तर आलं, "ये. आमसुलं घातलीत, हाताखाली माणूस हवंच होतं."

बोलायला विषय काय, ही काळजी तिथेच मिटली. गच्चीवर रातांब्याची सालं पसरलेली. ती मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची. दोघी बसल्या होत्या शेजारी शेजारी, बोटं लालभडक. समोरासमोर बसवून "मन मोकळं कर" म्हटलं असतं, तर दोघींच्याही घशातून शब्द निघाला नसता. पुराचा विषय मैत्रिणीनेच काढला, तोही भिंतीवरची पाण्याची खूण दाखवताना. फोन न केल्याबद्दल ती एवढंच म्हणाली, "तेव्हा किती जणांनी केला ते मला तरी कुठे आठवतंय! मोबाइलच बुडालेला."

रात्री कुळथाची पिठी आणि भात. बाई मला हे सांगताना पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "खास काही केलं नाही हो." मला तर तीच बाब खास वाटली. गणपतीपुळे, हॉटेल, फोटो असा बेत आखला असता तर दोघी दमून घरी गेल्या असत्या.

प्रत्येक तुटलेली मैत्री अशी सांधावी, असं मी म्हणणार नाही. जिथे अपमान झालाय, पैशांत फसवणूक झालीय, तिथे अंतर राहिलेलंच बरं. तिथे माझा सल्ला वेगळा असतो. पण बऱ्याच वेळा आड येतो तो केवळ न केलेला एक फोन.

दिवाळीनंतर मैत्रीण कराडला येणार आहे. बाईंची नवी काळजी: आपल्याकडे तर आमसुलं नाहीत, तिला कामाला काय लावायचं? मी म्हटलं, शेंगा फोडायला बसवा.