लॉरेंट्झ मायक्रोस्कोपीला पहिल्यांदा बसण्याआधी

भाऊ, लॉरेंट्झ मायक्रोस्कोपी म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन वळतात त्यावरून, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये पातळ फिल्मचे चुंबकीय डोमेन (एकाच दिशेला चुंबकन असलेले भाग) पाहणं. जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला मायक्रोस्कोपवरच्या तुझ्या वेळेसाठी (स्लॉटसाठी) निघण्याआधी फिल्मचा हिस्टेरिसिस लूप (बाहेरचं क्षेत्र बदलताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) हातात असू दे आणि जाडी नीट मोजलेली असू दे. तिथे नमुना आत घालण्याआधीच ऑब्जेक्टिव्ह लेन्स (नमुन्याभोवतीची मुख्य चुंबकीय लेन्स) बंद करून घे. तिचं सुमारे २ टेस्लाचं क्षेत्र तुझ्या परमॅलॉयचे (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचे) सगळे डोमेन पुसून टाकेल.

तिच्याऐवजी वापरायच्या, नमुन्यावर क्षेत्र न पाडणाऱ्या लॉरेंट्झ लेन्सवर, अचूक फोकसमध्ये डोमेन भिंती (दोन डोमेनमधल्या सीमा) दिसत नाहीत. घाबरू नकोस, फोकस मुद्दाम बिघडव. काळ्या-पांढऱ्या रेषा उमटतील. उलट्या बाजूला डीफोकस केल्यावर काळ्याची पांढरी झाली पाहिजे. हा पडताळा प्रत्येक रेषेसाठी घे, कारण वाकलेल्या फिल्मच्या रेषाही फसवतात. नमुना जरासा कलवला की त्या भराभर सरकतात.

परिणाम फार नाजूक असतो: २०० किलोव्होल्टला, ५० नॅनोमीटर जाडीच्या, १ टेस्लाच्या फिल्ममधून इलेक्ट्रॉन जेमतेम ३० मायक्रोरेडियन वळतो. तोही क्षेत्राच्या, इलेक्ट्रॉनच्या शलाकेला लंब असलेल्या घटकामुळेच. चुंबकन फिल्मच्या पृष्ठाला लंब असेल तर नमुना कलवावाच लागेल.

या चित्रांवरून थेट आकडे सांगायची घाई मात्र करू नकोस. त्यासाठी इलेक्ट्रॉन होलोग्राफी (नमुन्यातून गेलेल्या इलेक्ट्रॉन तरंगाचा फेज, म्हणजे कला, मोजणं) बरी. तिथे नमुना उलटा करून दुसरा होलोग्राम घेच, म्हणजे विद्युत विभवाचा फेज वेगळा काढता येतो. उरतो तो क्षेत्र आणि जाडी यांचा एकत्रित परिणाम. म्हणूनच जाडीचा आग्रह धरला.