लोकल स्टेशनचं नूतनीकरण करताना आसपासच्या लोकांना खरंच विचारतात का? आमच्याकडे काम निघणार आहे.

विचारतात, पण बहुतेक वेळा रंगरंगोटीपुरतंच. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये 'हमारा स्टेशन हमारी शान' म्हणून मुंबईतली 36 स्टेशनं स्वयंसेवकांनी रंगवली ना, त्यात मीपण होतो. आम्ही चार-पाच जणांनी जिन्याखालची एक भिंत घेतली, त्यातला अर्धा दिवस पानाच्या पिचकाऱ्या खरवडण्यातच गेला. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण जिना अरुंद होता तो अरुंदच राहिला.

पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली. त्या पुलाबद्दल प्रवासी आधीपासून बोंबलत होते, पत्रं, ट्वीट सगळं करून झालेलं. मग लष्कर बोलावलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नवा पूल तयार!

कागदावर सोय आहे बरं का. स्टेशन सल्लागार समिती असते, विभागाची वेगळी असते, प्रवासी संघटनांची माणसं तिथे जाऊन बोलतात. आता अमृत भारत या रेल्वेच्या स्टेशन सुधारायच्या योजनेत परळ, चिंचपोकळी, माटुंगा, वडाळा रोड झाली, मे 2025 मध्ये उद्घाटनही झालं, दर्शनी भाग छान दिसतात. पण रोजच्या माणसाचं लक्ष वेगळीकडे असतं हो. आमच्या स्टेशनला (नाव नको) नवी शेड टाकली आणि ती लेडीज डबा थांबतो तिथवर पोचतच नाही. पावसात सगळ्या बायका शेडच्या टोकाला दाटीवाटीने उभ्या, गाडी दिसली की ओल्या फरशीवरून पळापळ, माझी बायको रोज शिव्या घालते. सकाळी आठला कोणी दहा मिनिटं तिथे उभं राहिलं असतं तरी कळलं असतं.

तेव्हा टेंडर निघायच्या आत हालचाल करा, नंतर कोण ऐकतंय. गर्दीच्या वेळचे व्हिडिओ काढा, कुठल्या डब्यासमोर, कुठल्या जिन्यापाशी माणसं तुंबतात ते नेमकं लिहा आणि प्रवासी संघटनेमार्फत द्या. आणि प्लॅटफॉर्मवर दिवसभर बसणाऱ्यांनाही विचारा. आमच्याकडे बूटपॉलिशवाले काका काम चालू असतानाच म्हणाले होते, इथे एस्केलेटर लावला तर चढणारे-उतरणारे समोरासमोर येतील. रोज संध्याकाळी तेच चाललंय आता.