व्हिएन्नात दोनच दिवस आहेत, राजवाडे सोडून एखादं जगावेगळं म्युझियम सुचवाल का?

अंत्यसंस्काराचं म्युझियम बघा, म्हणजे तिथलं बेस्टाटुंग्जम्युझियम. शहराच्या मुख्य दफनभूमीत, झेंट्रालफ्रीडहोफमध्ये, दोन नंबरच्या गेटजवळ तळघरात ते आहे. शहराच्या मध्यभागाभोवतीच्या रिंग रस्त्यावरून 71 नंबरची ट्राम थेट गेटापर्यंत नेते.

मी स्वतः पाहिलंय. नाव ऐकून वाटतं तसं ते अंगावर येत नाही. व्हिएन्नाच्या लोकांना थाटामाटाची अंत्ययात्रा किती प्रिय होती, ते इथे नीट कळतं. दोन वस्तू मात्र सावकाश बघा. एक, तळाला झडप असलेली शवपेटी. लाकूड वाचावं म्हणून सम्राट दुसऱ्या जोसेफने 1784 मध्ये असा हुकूम काढला की मृतदेह कापडी पिशवीत शिवायचा, पेटीची झडप उघडून तो खड्ड्यात सोडायचा आणि तीच पेटी पुढच्या माणसासाठी वापरायची. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी हुकूम मागे घ्यावा लागला. दुसरी वस्तू म्हणजे घंटेची दोरी. जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्ती होती, म्हणून ती मृताच्या हाताला बांधत. हात हललाच तर घंटा वाजणार.

बाहेर आलात की त्याच आवारात बेथोव्हेन, शूबर्ट आणि ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी आहेत. त्या अजिबात चुकवू नका.

फक्त शनिवार-रविवारची सहल असेल तर उघडण्याच्या वेळा आधी त्यांच्या वेबसाइटवर तपासा. हे म्युझियम प्रामुख्याने कामाच्या दिवसांत उघडं असतं.