चिंताग्रस्त मुलीच्या पालकांनी सुरुवात कुठून करावी?

तुमची मुलगी शाळेच्या फाटकाशी रडते म्हणून तिला घरी परत आणावे लागते, हे वाचून आमच्या घरातले अशाच भीतीचे पहिले वर्ष आठवले. तिच्या भीतीपोटी तुम्ही देत असलेल्या सवलतींची (तिच्याऐवजी उत्तरे देणे, रोज शेजारी झोपणे, तोच दिलासा वीसदा देणे) यादी करा आणि तिला आधी सांगून त्यांतली एकच हळूहळू कमी करा. येल विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात १२ आठवडे केवळ पालकांना हे शिकवले, तरी मुलांना थेट दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराइतकाच (सीबीटी, म्हणजे विचार व वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार) गुण आला.

"त्यात काय घाबरायचं!" असे म्हणू नका, "भीती वाटते हे कळतंय, आणि तू ती पेलशील" असे म्हणा. सुरुवातीला रडणे वाढू शकते, तेव्हा आईवडिलांपैकी एकानेही माघार घेऊ नये. शाळा सतत बुडत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.