गाभण घोडीला हर्पिसची लस द्यावी का?

मार्गशीर्ष जवळ आला, सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रांची तयारी सुरू झाली, की अश्वपालकांच्या प्रश्नांत घोडी गाभडण्याची भीती हमखास असते. यावेळी फक्त त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. घोड्या गाभडवणाऱ्या ज्या विषाणूबद्दल बोलतो आहोत तो घोड्यांचा हर्पिस विषाणू, ईएचव्ही-१.

प्रश्न : माझ्याकडे दोन घोड्या आहेत. एक पाच महिन्यांची गाभण आहे. डॉक्टर हर्पिसची लस द्या म्हणतात, गावातले जाणते म्हणतात की गाभणीला सुई टोचली तर गाभडेल. कोणाचं ऐकू? (शहादा तालुका)

डॉक्टरांचं ऐका आणि लस द्या. जाणत्यांची भीती अगदीच निराधार नाही, पण ती या लशीला लागू होत नाही. काही लशींमध्ये दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, काहींमध्ये पूर्ण मारलेला. घोड्यांच्या विषाणूजन्य आर्टेरायटिसची (रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची) जी लस अमेरिकेत वापरतात ती जिवंत विषाणूची आहे, म्हणून ती गाभण घोडीला देत नाहीत. गाभण घोडीला द्यायची हर्पिसची लस मारलेल्या विषाणूची असते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने देशी विषाणूपासून बनवलेली लसही याच प्रकारची आहे. मेलेला विषाणू वाढत नाही, त्यामुळे तो गर्भाला इजा करू शकत नाही. टोचल्या जागी थोडी सूज येईल, एखादा दिवस अंग तापेल, चारा कमी खाईल. घोडी आधीच तापलेली असेल तर मात्र ती बरी होईपर्यंत थांबा.

लस गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात, अशी तीनदा द्यायची. हर्पिसविरुद्धची ताकद काही महिन्यांतच ओसरते, म्हणून एका सुईवर भागत नाही. शिवाय या विषाणूमुळे होणारे बहुतेक गर्भपात सातव्या महिन्यानंतरचे असतात. घोडी एप्रिलच्या मध्यावर भरवली असेल तर लशी सप्टेंबर, नोव्हेंबर आणि जानेवारीत येतात. म्हणजे ऐन यात्रेच्या दिवसांत तिला आठवा महिना चालू असतो. आपल्याकडे घोड्यांची सर्वांत मोठी गर्दी आणि गाभण घोडीचा सर्वांत नाजूक काळ एकाच वेळी येतात, हे प्रत्येक अश्वपालकाने लक्षात ठेवायला हवं.

आणि दुसऱ्या घोडीलाही लस द्या. ती गाभण नसली तरी विषाणू तिच्या नाकातूनच पहिलीपर्यंत पोहोचू शकतो.

प्रश्न : आमच्या स्टडवर (घोडेपैदास केंद्रावर) सगळ्या गाभण घोड्यांना तिन्ही वेळा लस दिली होती. तरी एक घोडी नवव्या महिन्यात गाभडली आणि प्रयोगशाळेने ईएचव्ही-१ सांगितला. मग एवढा खर्च कशासाठी केला? (पुणे जिल्हा)

तुमचा राग मला समजतो. इतक्या महिन्यांची वाट आणि जातिवंत शिंगरू एका रात्रीत गेलं. पण लशीकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते सांगितलं जात नाही.

हा विषाणू बाहेरून यावाच लागतो असं नाही. बऱ्याच घोड्यांना तो शिंगरूपणातच गाठतो. साधं सर्दीसारखं दुखणं येतं आणि जातं, विषाणू मात्र आयुष्यभर अंगात राहतो, पांढऱ्या पेशींत आणि मज्जातंतूंच्या गाठींत दडून. लांबचा प्रवास, शिंगरू दुधापासून तोडणं, दुसरा आजार, नव्या घोड्यांच्या कळपात टाकणं, असा ताण पडला की तो पुन्हा जागा होतो. रक्तातून गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जातो, तिथे रक्ताच्या गाठी होतात, वार सुटते आणि शिंगरू गुदमरतं. घोडी आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट दिसते. संसर्गापासून गर्भपातापर्यंत दोन आठवडे जातात, कधी काही महिनेही. म्हणून ‘गेल्या आठवड्यात कोण आलं होतं’ एवढं विचारून मूळ सापडत नाही.

लस या दडलेल्या विषाणूला अंगातून काढू शकत नाही. एकट्या घोडीला ती पक्की हमीही देत नाही. ती करते काय, तर घोडीच्या नाकातून बाहेर पडणारा विषाणू कमी करते. त्यामुळे एक घोडी गाभडली तरी पाठोपाठ पाच-सहा गाभडण्याची शक्यता घटते. लस न दिलेल्या कळपात अशी रांग लागते तेव्हा एका हंगामाची शिंगरं जातात. तुमच्याकडे एकच घोडी गाभडली आणि बाकीच्या टिकल्या, तर तुमचा खर्च पाण्यात गेलेला नाही. बाकीच्या घोड्यांच्या तारखा चुकवू नका.

यापुढचे दिवस महत्त्वाचे आहेत. गर्भ, वार आणि गर्भजल यांत विषाणू खच्चून भरलेला असतो. गाभडलेली घोडी जिथे होती तिथेच वेगळी ठेवा. तिच्याबरोबर असलेल्या गाभण घोड्या दुसऱ्या गटात मिसळू नका, तो गट तसाच बांधून ठेवा. शेवटच्या गर्भपातापासून किमान २८ दिवस स्टडवरून घोडा बाहेर जाऊ नये, आत येऊ नये. त्या घोडीचा मोतद्दार इतर गाभण घोड्यांकडे जाणार नाही, त्याची बादली आणि खरारा वेगळा राहील, हे स्वतः बघा. पेंढा जाळा, जमीन आधी साबणाने धुऊन मग जंतुनाशक मारा. शेणामातीवर नुसतं औषध शिंपडून उपयोग होत नाही.

प्रश्न : घोडी आठ महिन्यांची गाभण आहे, लस कधीच दिलेली नाही. सारंगखेड्याला विकायला न्यायची आहे. आता लस देऊन नेली तर चालेल का? (धुळे जिल्हा)

नेऊ नका. आज दिलेली लस दोन दिवसांत काम करत नाही, ताकद यायला निदान दोन आठवडे लागतात आणि पहिल्याच सुईने ती पुरेशी येत नाही. यात्रेत शेकडो घोडे नाकाला नाक लावून बांधलेले असतात.

यात्रेत जो भाव मिळतो तो घरी मिळत नाही, हे मी जाणतो. तरीही गिऱ्हाइकाला घरी बोलवा, किंवा घोडी व्याल्यावर शिंगरासह विका. अगदीच न्यावी लागली तर पाण्याची बादली स्वतःची न्या, सामाईक हौदावर पाजू नका, कडेची जागा धरा. विकली न जाता परत आली, तर तीन-चार आठवडे घरच्या गाभण घोड्यांपासून लांब बांधा. लस मात्र आजच सुरू करा. पुढची कधी ते डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : गेल्या वर्षी घोडी गाभडली. कारण कळलं नाही, गर्भ ओढ्यात टाकला. आता ती पुन्हा गाभण राहील का, की विकून टाकू? (सांगोला)

कारण हर्पिस असेल तर विकायचं काहीच कारण नाही. अशी घोडी सहसा लवकर सावरते आणि पुढचं शिंगरू व्यवस्थित देते. पण कारण हर्पिस होतं हे कशावरून? जुळी शिंगरं असली तरी घोडी गाभडते, आणि आपल्या देशात साल्मोनेला जिवाणूमुळेही गर्भपात होतात. त्यावर हर्पिसची लस काहीच करणार नाही. डोळ्यांनी बघून हा फरक सांगता येत नाही. पुन्हा भरवण्यापूर्वी गर्भाशयाची तपासणी करून घ्या.

गर्भ ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकणं सोडा, कुत्री तो गावभर नेतात. हातमोजे घालून गर्भ आणि वार दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत भरा, बर्फावर ठेवा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. ते यकृत, फुप्फुस, प्लीहा आणि वारेचे तुकडे तपासणीला पाठवतील. उरलेलं चुना घालून खोल पुरा.

प्रश्न : २०२१ मध्ये स्पेनमधल्या स्पर्धेत हर्पिसने घोडे लुळे पडल्याचं वाचलं. या लशीने ते टळतं का? (रायडिंग क्लब, पुणे)

त्यावर भरवसा ठेवू नका. व्हॅलेन्सियाच्या त्या साथीत युरोपभर १८ घोडे दगावले. मज्जातंतूंच्या या आजारापासून संरक्षण देण्याचा दावा लशीही करत नाहीत. तिथे थर्मामीटरच उपयोगी पडतो. बाहेरून आलेल्या घोड्याचा ताप तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजा. १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की लगेच वेगळा बांधा, लक्षणांची वाट बघू नका.

प्रश्न : वरातीची घोडी दहाव्या महिन्यात आहे. तिला आणखी कोणती लस लागते? (इचलकरंजी)

धनुर्वाताची, आणि ती आत्ताच. विण्याआधी चार ते सहा आठवडे दिली की चिकातून शिंगरालाही संरक्षण मिळतं, कारण घोडीच्या वारेतून ते पोटातल्या शिंगराला मिळत नाही. रेबीजचीही डॉक्टरांना विचारून घ्या, रस्त्यावरच्या कुत्र्यांशी तिची रोज गाठ पडते. शिंगरू जन्मल्यापासून पहिल्या सहा तासांत पोटभर चीक प्यायलं पाहिजे. आणि वराती आता बंद करा. बँड, फटाके आणि उभं राहणं हा ताण या महिन्यात तिला नको.